तेवीस नंबरचा कुकर

१ मार्च, शनिवार. गोरेगाव, जिल्हा हिंगोली.

आजपर्यंत माझ्या हातांनी केलेल्या वस्तू. तयार भाग आणून नुसते जोडले, ते यात धरलेले नाहीत.

हळद शिजवायचे वाफेचे कुकर, एकतीस. प्रत्येकावर छिन्नीने नंबर. हळद पॉलिश करायचे ढोल, सव्वीस. सोयाबीनच्या चाळण्या, चौदा. राहत्या घराचे दरवाजे पाच, खिडक्या नऊ. पावसाळ्यात एकही फुगत नाही. लेकीच्या, कोमलच्या, लग्नातला दिवाण, एकही खिळा न मारता. वडिलांची कुबडी, वजन चारशे दहा ग्रॅम. ही वही, दोरा मेणातून ओढून शिवलेली.

शाळा सातवीपर्यंत. वेल्डिंग कोणी शिकवलं नाही, डोळे सुजवून घेऊन शिकलो.

यादी आज लिहायचं कारण, पुण्याच्या यंत्र-प्रदर्शनात माझ्या कुकरला पहिलं बक्षीस मिळालं होतं, त्याचं पाकीट आलं. 'राजहंस' म्हणून बड्या लोकांची पर्यटनाची गाडी आहे. तीत दोघांना सात दिवस. मुंबईहून गोवा, हंपी, हैदराबाद, वेरूळ, नाशिक आणि परत मुंबई. उद्या निघायचं.

एकतीसमध्ये तेवीस नंबर धरला आहे. तो आता नाही, पण केला होता.

त्याचं एकदा नीट लिहून ठेवतो. कुकर म्हणजे चाकांवरची पाण्याची टाकी, खाली भट्टी. टाकीतली वाफ नळ्यांनी चार पिंपांत जाते, पिंपांत ओली हळद. दाब फार वाढला तर टाकीवरची झडप आपोआप उघडते आणि जादा वाफ सोडून देते. झडपेवर आडवी दांडी, दांडीच्या टोकाला सव्वादोन किलोचं लोखंडी वजन. सोळा फेब्रुवारीला नरसीजवळच्या शेतात तेवीस नंबर चालवणाऱ्या फुलसिंगने त्या वजनाशेजारी अख्खी वीट टांगली. झडप उघडली नाही. टाकीचं मागचं तोंड उडालं. फुलसिंग साठ टक्के भाजला. नांदेडला दवाखान्यात आहे, बोलत नाही. पंचनाम्यात वीट लिहिली आहे, तारेसकट. म्हणजे खोट कामात नव्हती, वापरात होती.

बायको, मनकर्णा, यायला तयार नाही. फुलसिंग तिचा मानलेला भाऊ. चौदा वर्षं तांड्यावर जाऊन राखी बांधते.

"माझा भाऊ तिकडं मरून राहिला आन् मी गाडीत बसून हिंडू?"

"मरून न्हाई राहिला. आन् तू दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलीस म्हणून त्याची कातडी लवकर येणार हाय का?"

तिने ताट तसंच सरकवलं. बक्षीस दोघांचं आहे, एकट्याला जाता येत नाही, हे मी तिला पाकिटातून पुन्हा वाचून दाखवलं.

३ मार्च, सोमवार. गाडीत.

स्टेशनावर लाल कापड अंथरलेलं, सनई, प्रत्येकाच्या गळ्यात झेंडूचा हार. मनकर्णेने तिथेच हार काढून पिशवीत कोंबला. म्हणाली, "मेल्या माणसावानी वाटतं."

खोलीतला पलंग सहा फूट दोन इंच. लाकूड म्हणतात ते लाकूड नव्हे, प्लायवर सागाची पापडी चिकटवलेली. स्क्रूच्या खाचा एका रेषेत नाहीत. एवढ्या भाड्याच्या गाडीत हे चालवून घेतात. न्हाणीच्या नळाला मात्र नाव ठेवायला जागा नाही.

प्रवासी एकंदर चाळीसेक. दिल्लीचा एक बिल्डर, दोन फोन, दार पायाने ढकलतो. दोघी इंग्रज बहिणी सत्तरीच्या. मूठ दाबून दार लावतात आणि मग मूठ सोडतात, आवाज नाही. सुरतेच्या एक बाई ओळख होताच माणसाला गुडघ्यांचं विचारतात. माणूस ओळखायचा असेल तर त्याला दार लावायला सांगावं, असं माझं मत आहे.

जेवणाच्या डब्यात ज्याला जे टेबल मिळालं ते सात दिवस तेच. आम्हाला सहा नंबर. समोर पुण्याचे बंडोपंत आणि त्यांच्या पत्नी प्रेमाबाई.

"हिंगोलीचे?" पंत म्हणाले. "अहो, मीही हिंगोलीचाच. आमच्याकडे देवळाची पूजा होती. अठराव्या वर्षी गाव सोडलं."

"सोडलं म्हणतात," प्रेमाबाई म्हणाल्या, "पण गावाकडच्या हळदीशिवाय यांना वरण पिवळं दिसत नाही. शेहेचाळीस वर्षं ऐकतेय."

मनकर्णा हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

"तुमचं काय चालतं, विश्वंभरराव?"

"हळदीचे कुकर बनवतो. वाफेचे."

पंतांनी चमचा खाली ठेवला. "दाब किती?"

पहिलाच प्रश्न बराबर. मग कळलं, तेहतीस वर्षं बॉयलर तपासण्याच्या नोकरीत होते. मुलाचा, अनिरुद्धचा, झडपांचा कारखाना आहे. माझं नशीब पाहा. चाळीस माणसांत एक जाणकार, आणि तो माझ्याच टेबलावर.

४ मार्च, मंगळवार. गोवा.

सगळे समुद्रावर गेले. मनकर्णा बसमधून उतरलीच नाही. प्रेमाबाई तिच्यापाशी बसून राहिल्या. मी आणि पंत एका टपरीवर.

पंतांनी कागदी रुमाल पुढे सरकवला. "काढून दाखवा."

मी काढलं, मापांसकट.

"तोंडाचे पत्रे सपाट की फुगीर?"

"सपाट. फुगीर बाहेरून तयार आणावे लागतात. माझ्या कुकरात तयार आणलेलं काही नसतं."

"वेल्डिंग आतूनही आहे?"

"आत माणूस मावत नाही. बाहेरूनच, पण तीन थरांचं."

"नोंदणी?"

"गावच्या कुकराला कोण नोंदणी विचारतं, पंत!"

"हं. झडप?"

"भोक एक इंच, दांडी बारा इंच, वजन सव्वादोन किलो. पावणेतीन किलोच्या दाबाला उघडते."

"सुरुवातीपासून सव्वादोन?"

"आधी दीड होतं. सारखी फुसफुसायची. लाकूड जास्त जातं म्हणून गिऱ्हाइकं कुरकुर करायची. बारा नंबरपासून वाढवलं, जुन्यांचीही बदलून दिली. कोणत्या पुस्तकात पाहून नाही. माझा अंदाज पक्का असतो."

पंतांनी रुमाल दोन वेळा वरून खाली वाचला. मग त्याची चार पदरी घडी घालून खिशात ठेवली. दुसऱ्याचं चित्र माणूस उगीच खिशात घालत नाही. मुलाचा कारखाना आहे. मी मनाशी आकडा ठरवून ठेवला आहे, पंधरा लाख. बाराच्या खाली उतरायचं नाही आणि नाव माझंच राहायला पाहिजे.

संध्याकाळच्या चहाला बिल्डर मध्येच म्हणाला, "भाईसाब, हल्दी तो पुड़िया में आती है, उस में पकाना क्या?" पंतांनी त्याला जे सुनावलं ते ऐकण्यासारखं होतं. "आप के फ्लैट भी तो ब्रोशर में ही उगते होंगे." दोघी इंग्रज बहिणींना अर्थ कळला नाही, तरी हसल्या.

५ मार्च, बुधवार. हंपी.

नाश्त्याला बालाजीचा फोन. हा सिद्धेश्वर गावचा, चौदा नंबर चालवतो.

"मिस्त्री, झडप लई फुसफुसायलीय. आभाळ आलंय, हळदीचा ढीग उघड्यावर पडलाय. अर्धी वीट लावू का?"

"मला काहून इचारतूस? मी व्हय म्हणलो न्हाई. दाबाच्या काट्यावर नजर ठिव. साडेचारच्या वर जाऊ देऊ नको."

"म्हंजी लावू?"

"डोळे हायत ना तुला?"

फोन ठेवला. पंत विचारायला लागले, वीट म्हणजे काय. मग त्यांना नरसीची गोष्ट सांगितली, कारण ती माहीत असल्याशिवाय माझ्या कामाची ताकद कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी नरसीला सतरा नंबर उभा करून दाखवला होता. दोनशे शेतकरी. एक जण ओरडला, "मिस्त्री, ह्यो तुमचा पत्र्याचा डबा फुटंल!" मी म्हणालो, थांब. तारेने अख्खी वीट दांडीला टांगली. काटा सहावर जाईपर्यंत टाकीला पाठ लावून उभा राहिलो आणि उभ्याउभ्या बशीभर पोहे खाल्ले. टाळ्या. पेपरात फोटो आला. त्या दिवशी अकरा कुकरांची मागणी झाली. ते कात्रण मी पाकिटात ठेवतो. पंतांना दाखवलं.

"तुमच्या शेजारी तार धरून कोण उभं आहे?"

मी सांगायच्या आत मनकर्णा बोलली. "माझा भाऊ हाय त्यो." आणि उठून गेली. तिचा डोसा तसाच राहिला.

तेवीस नंबरचं मग पंतांना सांगावं लागलं. वीट, पंचनामा, सगळं. माझं संपल्यावर म्हणाले, "त्या बालाजीला परत फोन लावा. वीट काढायला सांगा."

"सांगतो. हंगामात गड्याला सारखा फोन केला की तो डोक्यावर बसतो."

"आत्ता लावा, विश्वंभरराव."

लावला. रेंज नव्हती. नंतर देवळं पाहण्यात राहून गेलं. इथल्या दगडाच्या सांध्यांत पोस्टकार्डही जात नाही, मी घालून पाहिलं.

६ मार्च, गुरुवार. हैदराबाद.

कोमलचा फोन. फुलसिंग सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी गेला.

वाईट झालं. हाताला स्वच्छ माणूस होता. पाना ज्या खिळ्यावरून घेतला त्याच खिळ्याला परत लावायचा.

मनकर्णा रडली नाही. खोलीतल्या फुलदाणीतली फुलं तिने काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि पाणी ओतून दिलं. चारमिनार पाहायला गेलो नाही.

संध्याकाळी गाडीच्या व्यवस्थापकाने सांगितलं, पूर्णेच्या पुढे परभणीकडच्या रुळांचं काम निघालं आहे, गाडी हिंगोली-अकोल्यावरून वळवून नेणार, वेरूळ अर्धा दिवस उशिरा. सुरतेच्या बाईंनी विचारलं, हिंगोलीला पाहण्यासारखं काय आहे? कोणाला सांगता आलं नाही.

मनकर्णेने पगडीवाल्या सेवकाला गाठलं. "भैया, हिंगोली में गाडी कब आयेंगी?"

"मॅडम, वहाँ उतरना नहीं है. सिर्फ क्रॉसिंग के लिए रुकेगी."

"रुकेंगी ना? बस."

७ मार्च, शुक्रवार. हिंगोली स्टेशन आणि पुढे.

आठ चाळीसला गाडी थांबली, समोरची गाडी येईपर्यंत. एकंदर सव्वीस मिनिटं.

या काचा काळ्या. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं नाही. प्लॅटफॉर्मवर माणसं काचेला कपाळ लावून, हाताची ओंजळ करून आत बघत होती. त्यांतली दोन तोंडं माझ्या ओळखीची. एक बाई माझ्यापासून वीतभर अंतरावर काचेत स्वतःचं कुंकू नीट करत होती.

मनकर्णेची पिशवी चहाच्या आधीच भरलेली होती. अंगावर घरचं लुगडं, पायात तिच्या चपला. गाडीच्या पांढऱ्या सपाता पलंगाखाली जोडीने लावून ठेवल्या होत्या.

"चला. दुपारी माती हाय तांड्यावर."

"आपलं नऊ तारखेपर्यंत हाय."

"पेमावहिनीसमोर जाऊन बसायला पाहिजे. ती इचारंल."

"काय इचारंल? पंचनाम्यात सगळं—"

"पंचनामा मला नका दावू!" दार उघडंच होतं, शेजारच्या खोलीतून पंत आणि प्रेमाबाई बाहेर आले. "वीट टांगायची त्याला कुणी दावली? दोनशे माणसात? आन् तार कुणी दिली, ते ठाव हाय तुमाला? मी दिली. वाळणाची तार. तुमी म्हणले तार आण, मी शेजारच्या अंगणातलं धुणं काढलं आन् तार आणली. फुलसिंगाच्या हातात दिली. माझ्या हातानं."

मी म्हणालो, हळू बोल.

"मी माझा वाटा सांगाया चाल्ले. तुमचा तुमी बघा."

सेवक दार उघडेना. नियम नाही, नियम नाही म्हणत होता. प्रेमाबाईंनी त्याला एवढंच विचारलं, "तुझ्या घरी कोणी मेलं तर तू उतरशील की नाही?" त्याने चावी लावली. पायरी आणि प्लॅटफॉर्म यांत दीड फुटाचा फरक. प्रेमाबाईंनी हात दिला आणि ती उतरली. लिंबाच्या झाडापर्यंत मला दिसत होती. मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी काळ्या काचा.

मी का उतरलो नाही, ते नंतर घोळ नको म्हणून लिहून ठेवतो. एक, दोघांचं सामान आवरायला सव्वीस मिनिटं पुरत नाहीत. दोन, बक्षिसाचा मान अर्ध्यात टाकणं बरं दिसत नाही. तीन, पंतांशी बोलणं अर्धं राहिलं होतं.

सामान एकंदर दोन पिशव्या होत्या. एक ती घेऊन गेली.

८ मार्च, शनिवार. वेरूळ.

टेबलावर तिची खुर्ची रिकामी. सेवक रोज चार ताटं मांडतो तशीच मांडतो.

कैलास लेणं पाहिलं. वरून खाली कोरत आणलं आहे. त्या लोकांनी कोणत्या कॉलेजात शिकून हे केलं? मी पंतांना तसं म्हणालो.

पंत म्हणाले, "खरं आहे. पण त्यांची चूक झाली असती तर दगडच फुटला असता, विश्वंभरराव. माणूस नाही."

थकला की माणूस काहीही बोलून जातो. मग उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अनिरुद्धशी फोनवर सविस्तर बोललोय. तो तयार आहे. उद्या सकाळी कागदावर मांडू."

तयार आहे, असे त्यांचे शब्द. बूट पुसून ठेवले. कोमलला फोन केला, तिने दोन वेळा कापला. तिसऱ्यांदा म्हणाली, "आई तांड्यावरच हाय, बाबा. पेमामामीनं तिला धरून ठिवलंय. तुमी कवा येताव?" मी म्हणालो, एक चांगली बातमी घेऊन येतो.

९ मार्च, रविवार. नाशिक सोडल्यावर.

नाश्ता आवरल्यावर पंतांनी टेबल पुसायला लावलं आणि कागद ठेवला. त्यांचं अक्षर सुरेख, हे कबूल करायला पाहिजे.

स्प्रिंगच्या झडपा, तीस. एक किलोच्या दाबाला उघडतील अशा बसवलेल्या, वरून शिसं मारून बंद. वजन नाही, दांडी नाही, काही टांगायला जागाच नाही. हळद शिजायला वेळ जास्त लागेल, पण सपाट तोंडाच्या टाकीला त्याच्या वर दाब सोसत नाही. अनिरुद्धचे दोन फिटर बुधवारी हिंगोलीत येतील आणि गावोगाव जाऊन बसवतील. माझ्याकडून एक पैसा नको.

मी पान उलटून पाहिलं. मागे कोरं.

"आणि कुकराचं डिझाइन?" मी विचारलं.

पंत प्रेमाबाईंकडे पाहायला लागले. "कसलं डिझाइन?"

मी कागद परत सुलटा ठेवला.

"दोनच गोष्टी हव्यात," पंत म्हणाले. "तीस मालकांची नावं-गावं. आणि एक पत्र, तुमच्या हातचं, खाली तुमची सही. वजन मी वाढवलं ती चूक. वीट टांगून दाखवली ती चूक. झडप बदलेपर्यंत भट्टी पेटवू नका. एवढ्या तीन ओळी. फिटर सगळीकडे पोचायला आठ दिवस लागतील, पत्र फोनवरून आत्ता जाईल."

"माझ्याच हातचं काहून?"

"कारण माझं तिथे कोण ऐकणार? मी पुण्याचा म्हातारा. तुमचं ऐकतात. तुम्ही वीट दाखवलीत, त्यांनी टांगली. तुम्ही काढा म्हणालात तर काढतील."

"पंत, मी सातवी शिकलेला आहे म्हणून तुम्ही माझ्याकडून हे लिहून घेताय. माझ्या जागी इंजिनिअर असता तर म्हणाला असतात का, चूक लिही?"

"तेहतीस वर्षं इंजिनिअरांकडूनच लिहून घेतलं हो," पंत म्हणाले. आवाज चढवला नाही. "तेही असंच म्हणायचे. तुमचा हात चांगला आहे. चांगल्या हाताचीही चूक होते."

प्रेमाबाई म्हणाल्या, "विश्वंभरराव, तीस घरं आहेत हो. आणि मनकर्णाबाई एकट्या उतरल्या तिथे."

मी सांगितलं, माझ्या हाताखालून गेलेल्या कामावर मी चूक असा शब्द लिहीत नाही. आजवर लिहिला नाही.

"बरं, पत्र राहू द्या. नुसती नावं द्या. मी लिहितो."

नावं या वहीच्या शेवटच्या सहा पानांत आहेत, नंबरवार. वही माझ्या मांडीवर होती. मी तिच्यावर हात ठेवला.

पंतांनी चष्मा काढला. म्हणाले, खात्याला कळवणं माझं काम आहे, ते मी आजच करतो. पण कचेरीतून कागद निघून माणूस शेतात पोचेपर्यंत तुमचा हंगाम संपलेला असेल. मग खिडकीकडे तोंड करून बसले. बोगदा आला, त्या काळ्या काचेत त्यांचाच चेहरा.

याच सुमारास सिद्धेश्वरहून बालाजीचे फोन येत होते. लागोपाठ तीन. टेबलावर माणसं असताना फोन घेणं बरं दिसत नाही म्हणून घेतला नाही. खोलीत येऊन मी लावला, तर नुसती रिंग जाते. चौथ्यांदा एका बाईने उचलला. मागे पुष्कळ माणसांचा गलका. कोण बोलतंय, असं तिने विचारलं. मी नाव सांगितलं. तिने ठेवून दिला.

आता लागत नाही. रेंजचं असेल.

मुंबईला पोचायला दोन तास आहेत. सेवक अभिप्रायाचा छापील कागद देऊन गेला. सहप्रवासी कसे वाटले, असा एक प्रश्न आहे, त्याला पाच चांदण्या. मी दोन भरल्या.

पुढे कोणी काही म्हणेल, म्हणून आकडे इथे पक्के लिहून ठेवतो. बंडोपंतांनी देऊ केलं आणि मी नको म्हटलं ते असं: स्प्रिंगच्या झडपा तीस नग, शिसं मारून बंद केलेल्या, जागेवर बसवून. कारखान्याचा भाव नगाला चार हजार दोनशे. एकूण एक लाख सव्वीस हजार रुपये.